तोंडाआधीचे जेवण

१८४० च्या दशकात मुंबई बेटावर नळाचे पाणी नव्हते. विहारचे पाणी यायला १८६० साल उजाडायचे होते. तोवर शहराची तहान विहिरींवर आणि तलावांवर भागत होती. पावसाळ्यात हे तलाव भरायचे आणि उन्हाळ्यात त्यांतल्या कित्येकांचा तळ उघडा पडायचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला हेन्री जॉन कार्टर हा डॉक्टर या तलावांतून एक वेगळीच चीज गोळा करत होता. पाण्यातल्या दगडांवर, बुडालेल्या काटक्यांवर धरलेले मळकट पापुद्रे. हाताला खरखरीत, वासाला उग्र, दिसायला शेवाळाचे भाऊबंद. १८४८ मध्ये त्याचा निबंध छापून आला. मुंबईच्या तलावांतल्या गोड्या पाण्यातील स्पंजांच्या जाती, त्यांची रचना आणि त्यांचे प्राणिपण असा त्याचा विषय होता. हे पापुद्रे मुळात प्राणी आहेत का, हेच त्या काळी अनेकांना पटलेले नव्हते. म्हणून ‘प्राणिपण’ हा शब्द शीर्षकातच घालावा लागला.

कार्टरने हा प्रश्न सोडवला तो पापुद्र्याच्या खाण्यावर नजर ठेवून. सूक्ष्मदर्शकाखाली स्पंजाच्या सुट्या पेशी त्याला अमीबासारख्या सरकताना दिसल्या. पुढे १८५७ मध्ये त्याने पाण्यात रंगाचे बारीक कण सोडले आणि ते स्पंजाच्या आत कुठे जातात याचा माग काढला. कण सापडले ते आतल्या इवल्याशा पोकळ कोठड्यांत, तिथल्या पेशींच्या पोटात. तोंड नाही, जठर नाही, आतडे नाही, आणि तरीही जेवण चालू होते.

आज शाळेतल्या मुलाला स्पंज भेटतो तो नेमका याच्या उलट बाजूने. प्राण्यांच्या वर्गीकरणाच्या धड्यात पहिल्या पायरीवर तो बसलेला असतो आणि त्याची ओळख ‘नाही’ या शब्दाने होते. ऊती नाहीत, इंद्रिये नाहीत, चेतासंस्था नाही, हालचाल नाही. त्याच्या वरच्या पायरीवर हायड्रा, जेलीफिश, समुद्रफूल आणि प्रवाळ यांचा निडारिया संघ. त्यांनाही मेंदू नाही, रक्त नाही, गुदद्वार नाही. पुढे एकेक ‘नाही’ गळत जाते आणि शिडीच्या टोकाला माणूस येतो. परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा’ला ही यादी सोयीची पडते. पण उणिवांची यादी म्हणजे प्राण्याचे वर्णन नव्हे. गवंड्याकडे शिवणयंत्र नाही, एवढे सांगून त्याचे काम कळत नाही.

या दोन संघांना समजून घ्यायचे असेल तर प्रश्न बदलायला हवा. यांच्याजवळ काय नाही, हे बाजूला ठेवून हे जेवतात कसे, असे विचारायला हवे. तसे विचारले की त्यांच्या शरीराचा प्रत्येक भाग, आणि प्रत्येक ‘नाही’सुद्धा, एका पक्क्या हिशेबात बसतो. पाण्यातून अन्न मिळवण्याच्या त्या दोन वेगवेगळ्या आणि आपापल्या परीने पूर्ण झालेल्या रीती आहेत. त्यांना प्राणी घडवण्याचे अर्धवट राहिलेले प्रयत्न मानणे चुकीचे आहे.

आधी स्पंजापुढची अडचण पाहू. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात, म्हणजे वीसेक थेंबांत, साधारण दहा लाख जिवाणू असू शकतात. आकडा मोठा वाटतो, पण हे जीव इतके सूक्ष्म असतात की तेवढ्या पाण्यात अन्न म्हणून जवळजवळ काहीच नसते. समुद्र म्हणजे अतिशय पातळ पेज. शिते टिपून खायची म्हटले तर एकेका शितामागे धावण्यात मिळकतीपेक्षा खर्च जास्त. त्यावर उपाय एकच, अख्खी पेज गाळून काढायची. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: खूप पाणी ओढणारा पंप आणि खूप बारीक चाळण. स्पंजाने ही दोन्ही कामे एकाच पेशीकडे सोपवली आहेत.

तिला कॉलर पेशी म्हणतात. पेशीच्या डोक्यावर चाबकासारखी एक कशाभिका असते आणि तिच्या भोवती सूक्ष्म बोटांचे कडे, सदऱ्याची उभी कॉलर असावी तसे. कशाभिका वळवळते, पाणी ढकलले जाते आणि जाताना ते या बोटांच्या फटींतून गाळले जाते. फटींची रुंदी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. जिवाणू त्यातून सुटत नाही. तो कॉलरवर अडकतो, खाली पेशीच्या अंगाकडे सरकतो आणि पेशी त्याला गिळते. नंतर तो घास आतल्या फिरत्या, अमीबासारख्या पेशींकडे जातो. त्या तो पचवतात आणि शरीरात इकडे तिकडे पोचवतात. पंप, चाळणी, वाढपी आणि स्वयंपाकी, सगळे पेशींच्या मापाचे.

आता या पेशींची मांडणी. स्पंजाच्या अंगावरची बहुतेक रंध्रे मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही लहान असतात, त्यामुळे मोठा गाळ बाहेरच राहतो. रंध्रांतून आत आलेले पाणी फाटे फुटत जाणाऱ्या नळ्यांतून कॉलर पेशींच्या गोल कोठड्यांत जाते, तिथून पुन्हा एकत्र येत मोठ्या नळ्यांत आणि शेवटी वरच्या मोठ्या तोंडवजा छिद्रातून बाहेर. जॉर्ज पार्कर बिडर या अभ्यासकाने १९२३ मध्ये या पाण्याचा हिशेब मांडला. ल्यूकोनिया नावाच्या बोटाएवढ्या स्पंजात, सुमारे दहा सेंटिमीटर उंच आणि एक सेंटिमीटर जाड, साडेबावीस लाख कोठड्या आणि दिवसाला साडेबावीस लिटर पाणी. म्हणजे पिण्याच्या पाण्याचा मोठा जार रोज बोटभर जिवातून आरपार जातो.

या हिशेबातली खरी खुबी वेगात आहे. शेतकऱ्याला ती सांगावी लागणार नाही. पाटातले पाणी जोरात धावते, पण तेच शंभर वाफ्यांत सोडले की संथ होते आणि मातीत मुरायला उसंत मिळते. स्पंजाच्या लाखो कोठड्यांचे एकत्रित क्षेत्रफळ रंध्रांच्या मानाने प्रचंड असल्यामुळे पाणी तिथे रेंगाळते आणि गाळायला वेळ मिळतो. बाहेर पडताना मात्र सगळे एका अरुंद वाटेने जाते, म्हणून वेग वाढतो आणि उष्टे पाणी कारंज्यासारखे दूर फेकले जाते. ते जवळच सांडले असते, तर तेच पुन्हा आत ओढले गेले असते. मेंदू नसलेल्या या जिवाच्या शरीरात जलविज्ञानाचा असा चोख नियम वसलेला आहे.

इथे ‘नाही’ची यादी पुन्हा हातात घेऊन पाहावी. स्पंजाला तोंड नाही, कारण त्याचे अन्न पेशीच्या मापाचे आहे आणि त्याच्या लाखो पेशी स्वतःच तोंड आहेत. आतडे नाही, कारण पचन पेशीच्या आत होते. रक्त नाही, कारण प्रत्येक पेशीच्या अंगणातूनच पाणी वाहते; प्राणवायू त्यातूनच येतो आणि मैला त्यातूनच जातो. पाय नाहीत, कारण तो अन्नाकडे जात नाही, पाणी त्याच्यातून जाते. प्रत्येक अभावामागे कारण आहे, आणि कारण कळले की ‘अभाव’ हा शब्दच थिटा पडतो.

त्याच्या पेशी किती स्वयंपूर्ण असतात, हे एच. व्ही. विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये दाखवले. त्याने एक जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून काढला, अगदी चक्का गाळून घ्यावा तसा. सुट्या झालेल्या पेशी भांड्याच्या तळाशी सरपटत एकमेकींना शोधू लागल्या, त्यांचे पुंजके झाले आणि त्या पुंजक्यांतून पुन्हा नवे स्पंज उभे राहिले. आतड्यावर किंवा हृदयावर विसंबून असलेल्या प्राण्याला हे साधणार नाही.

तो निपचित पडून असतो, ही समजूतही टिकत नाही. चाळणी म्हटली की ती तुंबणार. कॅरिबियन समुद्रातल्या एका नळकांड्यासारख्या स्पंजावर झालेले संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. हा स्पंज अडकलेला गाळ चिकट स्रावात गुंडाळतो आणि आत येणाऱ्या प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने रंध्रांतून बाहेर ढकलतो. मग अंग आकसून तो स्राव झटकून टाकतो. संशोधकांनी याला शिंक म्हटले. ही शिंक पुरी व्हायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो, आणि तो स्राव खायला आजूबाजूचे जीव टपलेले असतात.

शेजाऱ्यांची ही सोय शिंकेपुरतीच नाही. प्रवाळांच्या वस्तीतले पाणी काचेसारखे स्वच्छ, म्हणजे अन्नाला महाग. तरीही तिथे जीवांची अशी दाटी कशी, हा प्रश्न डार्विनच्या नावाने ओळखला जातो. याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा २०१३ मध्ये यास्पर डी हूय आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुरासाव बेटाजवळच्या स्पंजांवरून मांडला. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य बहुतेक प्राण्यांना खाताच येत नाही. स्पंजांना येते. तिथल्या एका स्पंजाच्या कॉलर पेशी पाच-सहा तासांत दुप्पट होताना आढळल्या, पण स्पंजाचा आकार त्या मानाने वाढत नाही. जुन्या पेशी सतत गळून पडतात, आणि हा पेशींचा भुगा गोगलगायी, किडे, खेकडे खातात. ज्याला स्वतःला तोंड नाही असा हा प्राणी अख्ख्या वस्तीचे ताट वाढत असतो.

दुसरी रीत याच्या नेमकी उलट आहे. निडारिया संघ पेज गाळत बसत नाही, तो शिकार करतो. पण स्वतः दुबळा, मऊ, बहुधा एका जागी रुतलेला किंवा लाटेबरोबर वाहणारा. भक्ष्य त्याच्याहून चपळ आणि कधी कधी त्याच्याएवढेच मोठे. अशा जिवाने शिकार करायची तर भक्ष्य अंगाला लागताक्षणी जागच्या जागी लुळे पाडायला हवे. ते शस्त्रसुद्धा एकाच पेशीत मावते.

हायड्राचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. संथ पाण्याच्या डबक्यातले पान काचेच्या भांड्यात घेऊन थोडा वेळ तसेच ठेवले, की कधी कधी पानाच्या कडेला दोऱ्याचा उसवलेला तुकडा चिकटल्यासारखा दिसतो. लांबी काही मिलिमीटर, टोकाला पाच-सात धागे. हीच त्याची शुंडके. ती पाण्यात सैल सोडून तो स्तब्ध लोंबकळत असतो. एखादी पाणपिसू उड्या मारत येते आणि एका शुंडकाला घासते. त्या क्षणी काय झाले हे डोळ्याला दिसत नाही. दिसते ते एवढेच, की पिसूची वळवळ मंदावली आणि शुंडक आकसून तिला मध्याकडे ओढू लागले.

न दिसणारा भाग घडतो शुंडकावरच्या दंशपेशींत. प्रत्येक दंशपेशीत एक कुपी असते आणि कुपीत उलटी खुपसलेली, गुंडाळलेली पोकळ नळी. कुपीतला दाब सुमारे दीडशे वातावरणे, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या साठ-सत्तर पट. बाहेरच्या केसाला स्पर्श झाला की झाकण उडते, नळी मोज्यासारखी उलटी होत बाहेर फेकली जाते आणि भक्ष्याचे कवच भेदून विष आत सोडते. जर्मन संशोधकांनी २००६ मध्ये हायड्राच्या या माऱ्याचे अतिवेगवान चित्रीकरण केले. स्फोटाचा वेगवान टप्पा ७०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही आत, आटोपतो. नळीचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या पन्नास लाख पटींहून अधिक भरले. सजीवांतल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक, आणि ती ‘खालच्या’ म्हणवल्या गेलेल्या प्राण्याच्या एका पेशीत घडते.

यापुढचे काम रसायनाचे. जखमी पिसूच्या अंगातून ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य पाण्यात झिरपते. लूमिस या संशोधकाने १९५५ मध्ये दाखवले, की नुसते हे द्रव्य पाण्यात टाकले तरी हायड्रा शुंडके वळवून तोंड उघडतो. भक्ष्य जखमी झाल्याचा आणि जेवण तयार असल्याचा तोच निरोप. त्याचे तोंडही नवलाचे आहे. एरवी ते मिटलेले नसते, ते नसतेच. तिथली त्वचा सलग असते. प्रत्येक घासाला ती मधोमध फाटते, पेशी ताणल्या जाऊन वाट मोकळी होते आणि जेवण झाल्यावर पुन्हा सांधली जाते. घास आतल्या पोकळीत पडला की भिंतीतल्या पेशी पाचक रस सोडतात, त्याचा काला होतो, आणि मग त्यातले कण पेशी गिळून आपापल्या पोटात उरलेले पचन पुरे करतात. न पचलेला कवचाचा सांगाडा आल्या वाटेनेच बाहेर टाकला जातो.

प्राण्यांच्या इतिहासातली एक मोठी उलथापालथ इथे आपल्यासमोर असते. स्पंजाला पेशीपेक्षा मोठा घास सहसा पचत नाही. निडारियाने शरीराच्या आत एक खोली राखली, तिचे दार बंद केले आणि आत रस सोडून घास आधी शिजवून घेतला. पोट म्हणतात ते हेच. आपल्या जठरात भाकरीचे जे होते त्याचा आराखडा हायड्राच्या त्या मिलिमीटरभर पोकळीत आहे. तरी जुनी रीत सुटलेली नाही, शेवटचे पचन अजून पेशीच्याच आत. या खोलीला एकच दार असल्यामुळे पहिले जेवण आटोपल्याशिवाय दुसरे सुरू करणे कठीण, ही या रचनेची मर्यादाही मान्य करायला हवी.

हायड्राला जेवताना बारकाईने पाहिले ते अब्राहम ट्रेंब्ली याने. १७४० मध्ये हेग शहराजवळ एका उमरावाच्या मुलांना शिकवताना त्याला पाण्यात हे हिरवे जीव सापडले. हिरवे, म्हणून वनस्पती असावेत, असे त्याला वाटले. खात्री करण्यासाठी त्याने एक कापला, तर दोन्ही तुकड्यांचे पुन्हा पूर्ण जीव झाले आणि कोडे आणखी गहन झाले. मात्र ते चालतात, शुंडके आखडतात आणि भक्ष्य पकडून गिळतात, हे दिसल्यावर ते प्राणी ठरले. शंभर वर्षांनी मुंबईत कार्टरला जे उत्तर मिळाले तेही अन्नाच्याच वाटेने मिळाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजही हायड्रावर काम चालते आणि तिथे अभ्यासलेला भारतीय हायड्रा शास्त्रीय लिखाणात पुण्याच्याच नावाने ओळखला जातो.

दंशपेशी आणि पोकळी या दोनच वस्तूंवर निडारियाने किती तऱ्हेचे संसार थाटले! प्रवाळाचा प्रत्येक जीव म्हणजे चुनखडीच्या वाटीत बसलेले छोटे समुद्रफूल. रात्री तो शुंडके पसरून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतो, आणि कित्येक जाती पोटातले पाचक धागे सरळ बाहेर काढून भक्ष्य किंवा शेजारचा प्रतिस्पर्धी अंगाबाहेरच पचवतात. दिवसा त्याच्या पेशींत राहणारी शैवाले सूर्यप्रकाशावर साखर करून त्याला देतात. कित्येक प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंत गरज त्यातून भागते. जेलीफिशांच्या एका गटाला मधले तोंडच नसते, लोंबत्या बाहूंवर हजारो बारीक तोंडे असतात. आणि पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखी वाहून येणारी फायसेलिया तर एक प्राणी नसून वसाहत आहे. तिच्यात कोणी तरंगण्याचे काम करतो, कोणी शिकारीचे, कोणी पचनाचे, कोणी प्रजननाचे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. गुंतागुंत ही खरी गोष्ट आहे. ऑक्टोपस बरणीचे झाकण फिरवून उघडतो, स्पंज ते करू शकत नाही. रक्ताभिसरणाशिवाय जाड, धावते शरीर पोसता येत नाही. पेशी, ऊती, इंद्रिय असा क्रम शिकवला नाही तर विद्यार्थ्याच्या हाती पसाराच उरेल. हे सगळे मान्य. सर्व प्राणी सारखेच गुंतागुंतीचे आहेत, असा दावा कोणी करू नये. वाद आहे तो क्रमाचे रूपांतर मानाच्या उतरंडीत करण्याबद्दल. आधी फुटलेली फांदी म्हणजे खुंटलेली फांदी नव्हे. आजचा स्पंज हा आपला पूर्वज नाही. तोही आपल्याइतकाच काळ बदलत, टिकत इथवर आलेला आहे.

याचा पुरावा फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या एका गुहेत मिळाला. ला सिओताजवळच्या या पाण्याखालच्या गुहेतला एक लहान स्पंज झां व्हासले आणि निकोल बूरी-एस्नो या संशोधकांनी १९९५ मध्ये जगापुढे ठेवला. त्याला रंध्रांच्या नळ्या नाहीत, कॉलर पेशी नाहीत. म्हणजे स्पंजाची जी व्याख्या पुस्तकात दिलेली असते तीच त्याने टाकून दिलेली. त्याच्या अंगातून निघणाऱ्या धाग्यांवर आकड्यांसारखे सूक्ष्म काटे, म्हणजे शूकिका, असतात. त्यांत कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव अडकतात, बुटाच्या वेल्क्रो पट्टीत लोकरीचा धागा अडकावा तसे. मग स्पंजाच्या पेशी भक्ष्याकडे सरकत येतात, त्याला वेढतात आणि काही दिवसांत फस्त करतात. पुढे खोल समुद्रात असे कितीतरी मांसाहारी स्पंज सापडले. कॅलिफोर्नियाजवळ तीन हजार मीटरहून खोल मिळालेला, २०१२ मध्ये नाव दिलेला एक तर तंतुवाद्यासारख्या आकाराचा आहे. ज्या पाण्यात गाळण्याजोगे फारसे काही नाही, तिथे गाळणारा शिकारी झाला. पहिल्या पायरीवर कायमचा बसलेला प्राणी असा धंदा बदलत नाही.

मेंदूचेही तसेच. कॅरिबियन बेटांच्या खारफुटीत नखाएवढी एक पेटीच्या आकाराची जेलीफिश राहते. तिला चोवीस डोळे आहेत, मेंदू नाही. मुळांमधून पडणाऱ्या उन्हाच्या कवडशांत ती बारीक जीव टिपते, आणि तिथे मुळांना धडकणे मऊ शरीराला परवडत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला पुसट करड्या पट्ट्यांच्या गोल टाकीत सोडले. आधी ती भिंतीवर आदळत राहिली. साडेसात मिनिटांत ती पट्ट्यांपासून अंतर राखायला आणि वेळेवर वळायला शिकली. आणि शिडीच्या पहिल्या पायरीबद्दल तर शास्त्रज्ञांतच वाद आहे. २०२३ मध्ये गुणसूत्रांवरून झालेला एक अभ्यास सांगतो, की प्राण्यांच्या वंशवृक्षातून सर्वांत आधी वेगळे झाले ते टिनोफोर, म्हणजे अंगावर कंगव्यासारख्या पट्ट्या असलेले पारदर्शक शिकारी. त्यांना स्नायू आहेत आणि चेतापेशीही आहेत. हा निष्कर्ष सर्वांनी स्वीकारलेला नाही. पण तो टिकला तर साध्याकडून गुंतागुंतीकडे नेणारी सरळ शिडी पहिल्याच पायरीला मोडते.

‘खालच्या’ प्राण्यांच्या जेवणाकडे लक्ष देणाऱ्यांनी माणसाच्या पदरात काय टाकले, हेही पाहायला हवे. इल्या मेचनिकॉफ हा शास्त्रज्ञ स्पंज आणि निडारियांच्या पेशी अन्न कशा गिळतात, याचा वर्षानुवर्षे अभ्यास करत होता. १८८२ मध्ये मेसिनाच्या किनाऱ्यावर त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला आणि तिच्या फिरत्या पेशी काट्याभोवती जमलेल्या पाहिल्या. खाणारी पेशीच रक्षणही करते, हे त्याला सुचले ते आधी तिला खाताना पाहिले होते म्हणून. रोगप्रतिकारशास्त्राचा पाया असलेल्या या कामाला १९०८ चे नोबेल मिळाले. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन संशोधक १९०१ मध्ये मोनाकोच्या राजाच्या जहाजावरून फायसेलियाच्या विषाचा अभ्यास करायला निघाले. परतल्यावर समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना टोचताना त्यांना दिसले, की पहिल्या मात्रेतून वाचलेला कुत्रा काही आठवड्यांनी अगदी थोड्या मात्रेने मरतो. तीव्र ॲलर्जीचा जीवघेणा झटका वैद्यकाला कळला तो असा. रिशेला १९१३ चे नोबेल मिळाले. शेंगदाण्याने किंवा मधमाशीच्या दंशाने घसा आवळलेल्या रुग्णाला दवाखान्यात जे तातडीचे इंजेक्शन देतात, त्यामागचे निदान दंशपेशींच्या अभ्यासातून आलेले आहे.

उणिवांच्या यादीची किंमत आपण आणखी एका ठिकाणी मोजतो. जो जीव काही करतच नाही असे मनात ठसलेले असते, त्याची जागा गेली तरी कोणाला काही गेल्यासारखे वाटत नाही. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही मुंबईतली नावे उरली, तलाव बुजले. फायसेलिया आपल्याकडे बातमीत येते ती ऑगस्ट २०१८ सारखी, किनाऱ्यावर लोकांना दंश झाले की. मेलेल्या, वाळूत पडलेल्या फायसेलियाचा धागाही का डसतो, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. दंशपेशी स्वतःच स्पर्श ओळखून सुटते, धनी जिवंत असण्याची तिला गरज नसते. एवढे एक कारण कळले तर मुले तो निळा फुगा काठीने उचलून खेळणार नाहीत. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीजवळच्या प्रवाळांच्या वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ असतात हेच अनेकांना पहिल्यांदा कळले. २०१७ पासून ‘मरीन लाईफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातली मंडळी ओहोटीला लोकांना खडकांवर नेऊन समुद्रफुले दाखवत आहेत. असे काम शाळेच्या तासिकेत यायला हवे.

त्याला खर्चही फार नाही. कार्टरचे स्पंज काही नाहीसे झालेले नाहीत. त्याच्या मुंबईच्या स्पंजांपैकी एका जातीला १८६३ मध्ये बावरबँक या अभ्यासकाने कार्टरचेच नाव दिले, आणि पुण्याच्या परिसरातून गोड्या पाण्यातल्या पाच जातींची नोंद २०१३ मध्ये झाली आहे. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी हटले की दगडाच्या पोटाला वाळका, भुसभुशीत पापुद्रा दिसतो, आणि त्यात खसखशीसारखे गोल दाणे. ही स्पंजाची टिकाऊ बीजे. सगळे अंग वाळून गेले तरी ती तग धरतात आणि पाणी परतले की त्यांतून पेशी बाहेर येऊन नवा स्पंज धरतात. पावसाळ्यानंतर असाच एखादा जिवंत तुकडा, दगडासकट, तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या बशीत अलगद ठेवावा. तासभर हलवू नये. मग ड्रॉपरने शाईचा एक थेंब त्याच्या कडेला सोडावा. थोडा वेळ रंग नुसता तरंगत राहील. नंतर त्याची कड पापुद्र्याकडे ओढली जाईल आणि काही क्षणांनी वरच्या एका छिद्रातून निळ्या रंगाची बारीक धार उसळताना मुलांना दिसेल.